वहिनीने न सुधारलेली ओळ

दीर नोकरीला लागला तो वहिनीच्याच शब्दावर. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिने डॉक्टरांना गळ घातली आणि त्याला आपल्या शेजारची खुर्ची मिळवून दिली. या दिवट्याने काय करावं? प्रत्येक पेशंटचा रिपोर्ट आपोआप वेगळ्या फाइलीत लिहिणारी तिची कॉम्प्युटरवरची स्क्रिप्ट उचलली, वर स्वतःचं नाव टाकलं आणि शाबासकी घेतली. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डूख धरलेल्या बाईला घाई नसते.

पण आयतं मिळालेलं त्याला पचलं नाही. फाइलीचं नाव स्क्रिप्टमधल्या ज्या व्हेरिएबलमधून, म्हणजे माहिती ठेवायच्या कप्प्यातून, यायचं, त्यात वहिनीने पेशंटचा नंबर ठेवला होता. याने तिथे पेशंटचं नाव घातलं. म्हणे वाचायला बरं. एका नावाची दोन माणसं आली की दुसऱ्याचा रिपोर्ट पहिल्याच्या फाइलीवर लिहिला जाणार, हे वहिनीने बघताक्षणी ओळखलं. पड तोंडावर, म्हणाली मनात, आणि ओळ तशीच राहू दिली.

मग घरी त्याच लॅबमधून सासूबाईंचा रिपोर्ट आला. शुगर अगदी नॉर्मल. खूश होऊन त्यांनी चहात पुन्हा साखर सुरू केली. वहिनीला काही ते खरं वाटेना. सोमवारी तिने स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: फाइल लिहिण्याआधी व्हेरिएबलमध्ये काय आहे ते पडद्यावर दाखव. सासूबाईंच्या तपासणीच्या दिवसाचे रिपोर्ट पुन्हा काढले आणि त्यांचं नाव दोनदा उमटलं; त्याच नावाची आणखी एक पेशंट होती. मशीनमधला मूळ आकडा काढला, तर शुगर भलतीच चढलेली.

खरा रिपोर्ट तिने तिथेच छापून पर्समध्ये ठेवला. रविवारी नणंद आणि तिचा नवरा जेवायला येणार होते. दिराचं नाक कापायचं तर चारचौघांत. तोवर ती सासूबाईंना गोड चहा करून देत राहिली.

रविवारी कागद ताटांच्या मधोमध पडला. दीर पांढराफटक झाला. नणंदेने त्याची अशी खरडपट्टी काढली की वहिनीचं काळीज थंड झालं.

"स्क्रिप्टवर नाव तुमचंच आहे ना, भाऊजी?" ती गोड आवाजात म्हणाली.

सासूबाईंनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"सोमवारची तारीख आहे यावर," त्या सुनेला म्हणाल्या. "त्याला अक्कल नाही, म्हणून त्याच्या हातून झालं. तू तर हे हातात घेऊन मला आठवडाभर साखर पाजलीस."