बोटुकलीच्या कल्ल्यावरचं माझं नाव

परवा नातीने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. माशाच्या कल्ल्याला चिकटलेला चपटा कृमी, मागच्या टोकाला गळासारखे वाकडे दोन मोठे आकडे. जुनं माणूस भेटावं तशी मी पाहत राहिले. याच आकड्यांनी एकदा माझी फजिती केली होती.

बुलढाण्याला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते, माशांच्या कल्ल्यांवरचे कृमी हाच विषय, तेव्हाची गोष्ट. घर शाकाहारी. मोठा मासा कापायचा म्हटलं की मी डोळे मिटून घ्यायची, म्हणून देऊळघाटच्या मासळीवाल्या खालाकडून मी फक्त बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लंच घ्यायची. त्यांच्या कल्ल्यांवर दिसलेल्या कृमीला मोठे आकडे नव्हतेच. कडेने केसाहून बारीक चौदा आकडे आणि डोळ्यांचे चार काळे ठिपके, बस. असा कृमी एकाही पुस्तकात नव्हता. झालं, नवी जात सापडली. तिला मी चक्क माझंच नाव दिलं. मार्गदर्शक सरांना दाखवलं तर श्रेय तेच घेतील, म्हणून गुपचूप शोधनिबंध लिहून नियतकालिकाला पाठवायचं पाकीट चिकटवलं. काय ती अक्कल.

पोस्टात जाता जाता खालाला बातमी सांगायला थांबले. खवले काढता काढता ती म्हणाली, "बेटा, तू लेकराइचे बोळके तोंडं पाहून राह्यली. दात यायचे असतीन अजून. मोठा मासा काऊन नाही नेत?"

पाकीट पिशवीतच राहिलं. मोठा मासा घेतला, अर्धे डोळे मिटून कापला, आणि दुपारभर सूक्ष्मदर्शकापाशी पाण्यात बुडाल्यासारखी बसले. काचेखाली सगळी वयं तरंगत होती. एकाच्या मोठ्या आकड्यांची नुसती टोकं उगवलेली, बुंध्याचा पत्ता नाही. दुसऱ्याचा बुंधा धरू लागलेला. तिसऱ्याचे आकडे पुरते वाकून कल्ल्यात रुतलेले. कडेचे ते चौदा मात्र सगळ्यांना होते. माझी नवी जात म्हणजे जुन्याच जातीचं तान्हं होतं, अंगावरची पोहायची लव टाकून नुकतंच कल्ल्याला बिलगलेलं.

निबंध खालाला रद्दीत दिला. त्या आठवड्यात माझं नाव मासे गुंडाळून देऊळघाटभर फिरलं.

अजून दुपारी डोळा लागला की हिरवट पाण्यातून ते तान्हं लव हलवत येतं. मी त्याला माझ्याच नावाने हाक मारते.