आमच्या अंगणातून न दिसणारा ध्रुव

लग्नात नवरीला ध्रुव दाखवतात. आमच्या वाडीच्या उत्तरेला डोंगर आडवा, म्हणून आमच्या अंगणातून तो कुणालाच कधी दिसला नव्हता. तरी भटजींनी बोट दाखवलं की नवरी मान खाली घालून 'दिसला' म्हणे आणि मंडळी पंगतीला उठत. माझी बायको देवरूखकडची. ती बोटाच्या रोखानं नीट बघून म्हणाली, "दिसत नाय." मांडवात हशा झाला. चुलते मला म्हणाले, ही तुला जड जाणार. मला राग आला तो हसणाऱ्यांचा. ती खरं बोलली होती. हिला ध्रुव मीच दाखवीन, असं मी तिथंच ठरवलं.

ठरवलं, आणि पंधरवड्यात मुंबईला गिरणीवर परत गेलो. आगबोट उत्तरेला चालते. रात्री ध्रुव बोटीच्या तोंडासमोर होता, आणि जिला दाखवायचा ती मागं घरी. पुढं गणपतीला यावं तर आभाळ भरलेलं. शिमग्याला यावं तर पालखी, पाहुणे. शिवाय तेव्हा नवरा-बायकोनं तिन्हीसांजेला जोडीनं डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर जायचं म्हणजे गावाला वर्षभर पुरणारा विषय. अशी वर्षं गेली.

एका शिमग्याला मी हट्टानं जास्त राहिलो. पुनव उलटली की चंद्र उशिरा येतो, संध्याकाळ काळोखी मिळते. सुक्या गवताचा भारा आणतो म्हणून दोघं निघालो. आई एवढंच म्हणाली, "भारा आणा मात्र."

वर कातळावर उत्तर मोकळी. मी तिला सांगितलं, आधी सप्तर्षी शोध. चार ताऱ्यांची खाट, तीन ताऱ्यांची शेपूट. शेपटीपासून लांबचे दोन खूर रेघेनं जोड, रेघ उत्तरेकडं वाढव, त्या दोघांत जेवढं अंतर तेवढं पाच वेळा. तिथं एकटाच आहे तो. चकचकीत शोधू नको, बेताचाच आहे. हात लांब करून वीत धरलीस तर क्षितिजापासून वितीच्या आत.

तिनं वीत धरली.

"हा? एवढुसा?"

"हाच."

"मुंबईत दिसतो?"

आमच्या खोलीतून समोरची चाळ आणि धुराडं दिसे. "नाय," मी म्हटलं.

"मग मी एकटीनंच बघायचा?"

मुंबईला गेल्यावर दिवसपाळी सुटली की मी समुद्राकडं चालत जाई, उत्तर उघडी सापडेपर्यंत. सोबती म्हणत, याला वारं लागलंय. तीही बघत असेल का, हे पत्रात विचारायची सोय नव्हती. तिला पत्र दुसऱ्यानं वाचून दाखवायचं. असलं त्याच्या तोंडून कसं विचारणार? समोरासमोर विचारू म्हणून ठेवलं. ती तापात गेली तेव्हा मी मुंबईतच होतो.

तिच्या दिवसकार्याला आलो तेव्हा शेजारची काकू सांगू लागली. तुझी बायको भाऱ्याला म्हणून सड्यावर जायची ती काळोख पडल्यावर उतरायची, आणि डोक्यावर भारा बघावा तर अर्धाच. काकूची ती तक्रार होती. मी तिला परत पहिल्यापासून सांगायला लावलं.