बोर्डावरचं दुसरं नाव

मॅडमनी डब्यातून चिठ्ठ्या उचलायला लावल्या आणि माझ्या वाट्याला आलं एका इंग्रजी गोष्टीचं पहिलं पान. बाकीच्या पोरींना भुतं, बर्फ, मेजवान्या असलं काहीतरी चविष्ट मिळालं होतं. मला मिळाली नुसती सुरुवात. आणि सुरुवातीत काय, तर एक माणूस मेलाय.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शिवाजी पेठेतल्या मराठी शाळेतून उठून मी इंग्रजी स्पेशल घेतलं, ते निव्वळ हट्टापायी. शाळेतल्या एका बाई म्हणाल्या होत्या की तुला ते झेपायचं नाही. मला कुणी असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. इंग्रजीच शिकेन आणि इंग्रजीच शिकवीन, असं मी त्या दिवशी घरी येऊन जाहीर करून टाकलं. जाहीर करणं सोपं होतं. वर्गात बसल्यावर कळलं की मॅडम बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं, आणि उरलेलं निम्मं कानात शिरतं ते अर्थ बाहेर ठेवून.

मॅडम पुण्याच्या. आवाज कधी चढायचा नाही. आम्हा कोल्हापूरकरांना न ओरडता बोलणारा माणूस रागावलाय की प्रेमात आहे ते कळत नाही, त्यामुळं त्यांची भीतीच वाटायची. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "प्रत्येकीनं आपला उतारा वर्गासमोर उलगडून सांगायचा. ज्यांना जमणार नाही त्यांनी महिनाअखेर विषय बदलून घ्यावा. अर्जावर मीच सही करीन." हे बोलताना त्या माझ्याकडं बघत होत्या. निदान मला तसं वाटलं, आणि माझी पाचावर धारण बसली.

गोष्ट लंडनची, ख्रिसमसच्या आदल्या दिवशीची, भुताची. दोन भागीदारांची एक पेढी असते. त्यातला एक मरून कैक वर्षं झालेली असतात. लेखक पहिल्याच वाक्यात सांगतो, की तो मेलेला आहे. ठीक आहे. मग सांगतो, की यात शंका नको. मग दफनाच्या नोंदीवर कुणाकुणाच्या सह्या झाल्या ते सांगतो. मग मेलेपणाला दाराच्या खिळ्याची उपमा देतो, आणि खिळाच का, यावर स्वतःशीच वाद घालत बसतो. मग पुन्हा सांगतो, की मेलाय बरं का. आमच्या पेठेत कुणी गेलं की चौकातल्या फळ्यावर खडूनं दोन ओळी लिहितात, एकदाच, आणि गाव समजून घेतं. हा साहेब पानभर तेच दळत होता. मी डिक्शनरी घेऊन तीन दिवस त्या खिळ्याला लोंबकळत होते.

चौथ्या दिवशी पुस्तक घेऊन दुकानात गेले. आमचं गादीचं दुकान. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे भागीदार चाचा, दोघांनी मिळून काढलेलं. चाचांचं घराणंच कापूस पिंजणाऱ्यांचं. आप्पा सीमेकडचे, लिंगायत, बापजाद्यांचा धंदा कापडाचा. चाचांचा कापूस आणि आप्पांची खोळ, अशी ती भागीदारी जमली. मी सातवीत असताना चाचा गेले. बोर्डावर मात्र दोन्ही नावं तशीच होती, हिरव्यावर पिवळी.

पावसाळ्यात कापूस दमट होतो, लग्नंही नसतात, त्यामुळं आप्पा मोकळेच होते. दाभण घेऊन एका जुन्या गादीला टाके घालत बसले होते. मी त्यांच्यासमोर फतकल मारली.

"आप्पा, ह्या गोष्टीत एक भागीदार मेलाय. हे एकदा सांगून भागतंय की. हा बाबा पाच-पाचदा का सांगतोय?"

आप्पांनी मान वर केली नाही. "बोर्डावर नाव हाय का त्येचं अजून?"

मी पानाच्या तळाच्या ओळी वाचल्या आणि दचकले. पुढं तेच लिहिलं होतं. जिवंत भागीदारानं मेलेल्याचं नाव कधी पुसलंच नाही, दारावर अजून दोघांची नावं होती. हे मी आप्पांना सांगितलेलं नव्हतं.

"हाय," मी म्हटलं. "तुमास्नी कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? बोर्डावर नाव असल्यावर माणूस मेलाय ह्यावर कोण इश्वास ठेवतंय?" आप्पांनी दाभण बाजूला ठेवलं. "मुरगूडचं ते पावणं आठवतंय न्हवं? पोरीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला आलतं. म्हणालं, चाचांना बोलवा. म्हटलं, चाचा वारलं. म्हणतंय, चेष्टा करू नगासा. म्हटलं, खरंच वारलं, तीन वर्षं झाली. तर भाईर जाऊन बोर्ड वाचून आलं आणि म्हणतंय, मग ह्ये काय? शेवटी मातीला कोण कोण हुतं त्येंची नावं सांगितली, तवा पायरीवर बसलं आणि रडाय लागलं."

मी आ वासून बसले. दफनाच्या नोंदीवरच्या सह्या मला तिथं, कापसाच्या ढिगात, कळल्या. आधी गोष्टीतला भागीदार मेलाय हे पक्कं गळी उतरवलं नाही, तर पुढं तो दारात उभा राहिला तरी वाचणारा म्हणेल, आलेत वाटतं बाहेरून. तीन दिवसांची डिक्शनरी एकीकडं आणि आप्पा एकीकडं.

"आणि आप्पा, हा जिवंत माणूस दोन्ही नावांनी हाक मारली तरी ओ देतोय."

"द्यायलाच पायजे. मी न्हाय व्हय देत? गिऱ्हाइकाला काय रस्त्यात हुबं करतीस?" आप्पांनी पुन्हा दाभण उचललं. "माणूस चांगला हाय ह्यो. दोस्ताचं नाव राखलंय."

मी वहीत लिहून टाकलं: चांगला माणूस, मित्रावर माया. खाली दोन रेघा मारल्या.

वर्गात मी उभी राहिले. आप्पांचं पहिलं उत्तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत गेले तशी मॅडमची मान हलायला लागली. मेल्याची खात्री पटवण्याचं कारण त्यांना आवडलं. त्या चक्क "वा" म्हणाल्या. तिथं गप्प बसले असते तर किती बरं झालं असतं. पण मला चेव चढला. मी म्हटलं, हा जिवंत भागीदार प्रेमळ माणूस आहे, कारण त्यानं मित्राचं नाव पुसलं नाही.

वर्ग फिसकन हसला. मला आधी वाटलं, इंग्रजी चुकलं.

"पुढचा परिच्छेद वाचलात?" मॅडमनी विचारलं.

नव्हता वाचला. माझा उतारा तिथंच संपत होता, आणि सांगितलंय त्यापेक्षा जास्त इंग्रजी वाचायची मला हौस नव्हती. मॅडमनी वाचून दाखवला. तो माणूस कंजूष, महाकंजूष, थंडीत कोळशाचा तुकडासुद्धा मोजून देणारा. "नाव त्यानं मायेनं ठेवलेलं नाही," मॅडम नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "रंगाचा खर्च कोण करणार, म्हणून ठेवलं. आणि तुमच्या उताऱ्यातलंच हे वाक्य तुम्ही सोडून दिलंत. मित्राच्या अंत्यविधीच्या दिवशीही त्यानं धंदा केला. असा माणूस प्रेमळ कसा?"

वर्ग पुन्हा हसला. मी हसले नाही. चाचांना मातीत ठेवून आप्पा दुपारी घरी आले, आंघोळ केली आणि दुकान उघडायला गेले, हे मी सातवीत असताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता तोंडात मारल्यासारखं झालं.

तास संपल्यावर मॅडमनी बोलावलं. विषय बदलायचा कोरा अर्ज माझ्या हातात दिला. "तुमची सुरुवात चांगली होती," त्या म्हणाल्या. "पण अर्धवट वाचून निष्कर्ष काढायची सवय या विषयात चालत नाही. पूर्ण पुस्तक वाचा. सोमवारी एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. मेलेला भागीदार त्या माणसाकडेच परत का येतो? नाही जमलं तर अर्ज भरून आणा."

मी तरातरा दुकानात गेले. रस्ताभर मनात नुसता संताप. आप्पांच्या भरवशावर मी वर्गासमोर माती खाल्ली होती, आणि वर आप्पाच त्या कंजुषासारखे निघाले होते.

"चाचा गेले त्या दिवशी दुकान का उघडलंत?" मी चप्पलही न काढता विचारलं.

आप्पा बघतच राहिले. "कोण काय म्हणालं का?"

"आधी सांगा."

"तवा एका गिऱ्हाइकाच्या पोरीचं लगीन चार दिवसांवर हुतं. गाद्या दोन दिवसांत देतो म्हणून शब्द कुणी दिलता? चाचानं. अर्धा कापूस त्येनंच पिंजून ठेवलता." आप्पांनी दाभण उचललं. "त्येचा शब्द मोडून मी घरात रडत बसू व्हय?"

मला लाज वाटली, पण माझी लाज फार वेळ टिकत नाही. "आणि बोर्ड? ते तरी मायेनं ठेवलंय न्हवं?"

इथं आप्पा गडबडले. कान खाजवला. दाभण शोधू लागले, ते हातातच होतं. "खरं सांगू? पयल्या साली पेंटरचा खर्च नगो म्हणून ठेवला."

"आप्पा!"

"मग काय करू? पुसून नवा रंगवायचा म्हंजे सगळाच बोर्ड आला की. म्हटलं, बघू फुडल्या साली. तवर लोक त्येचंच नाव घेत याय लागले. कोण म्हणे, चाचांच्या हातची गादी अजून सपाट हाय. कोण त्येच्यासाठी गूळ घेऊन येई. मग पुसायला हात धजला न्हाय बघ. ह्या साली दोघं-तिघं पेंटर आपणहून इचारून गेले, मीच न्हाय म्हटलं."

मी हसत सुटले. हसता हसता डोळे भरून आले आणि मला माझ्या बापाबद्दल फार प्रेम वाटलं. जे काम मला खडूस वाटलं ते मायेनं केलेलं होतं, आणि जे मायेचं वाटलं त्याची सुरुवात चिक्कूपणानं झाली होती. हे मॅडमना इंग्रजीत कसं सांगायचं, या विचारानं मात्र पुन्हा घाम फुटला.

शनिवार-रविवार मी पुस्तक दुकानातच नेऊन बसवलं. मी वाचायची, अडखळायची, डिक्शनरी उलटायची आणि आप्पांना मराठीत सांगायची. आप्पांना गोष्ट भलतीच रंगली. कंजूष ख्रिसमसला सुट्टी द्यायला कुरकुरला तेव्हा म्हणाले, "आमच्या हुपरीच्या मावसभावाचा चुलता असंल ह्यो." दाराच्या कडीवर मेलेल्या भागीदाराचं तोंड दिसलं तेव्हा त्यांनी काम थांबवलं. तो साखळदंड ओढत जिना चढून आला तेव्हा दारात आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं. गादीच्या धंद्यात असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कशाला आलाय म्हणतो त्यो?" आप्पांनी विचारलं.

"दोस्ताला सावध करायला. माझ्यागत तुझं होऊ देऊ नगोस म्हणतोय. अजून सुधारायला येळ हाय म्हणतोय."

आप्पांनी दाभण गादीत खोचून ठेवलं. दारात उभ्या गिऱ्हाइकानंही घाई केली नाही, तेही ऐकत होतं.

"मग नाव पुसलं न्हाय ते बरंच झालं," आप्पा म्हणाले. "चिक्कूपणानं का हुईना. पुसलं असतं तर त्येला दुकान सापडलं असतं कसं?"

सोमवारी मी वर्गात उभी राहिले. अर्ज पुस्तकात घालून आणला होता, फक्त मॅडमची सही राहिली होती. इंग्रजीत सुरुवात केली, दोन वाक्यांत गाडी अडकली, मग मी सरळ मराठीवर आले. मेलेला त्याला वाचवायला येतो, हे पुस्तकातच आहे म्हटलं. पण त्याच्याकडेच का, याचं उत्तर बोर्डावर आहे. त्या माणसानं आयुष्यात सगळ्यांना दाराबाहेर काढलं. एकच नाव काढायचं राहिलं, तेही खर्च वाचवायला. तेवढ्याच एका ठिकाणी तो सापडण्यासारखा होता. नाव पुसलं असतं तर मित्राला दुकान सापडलं नसतं.

कुणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढला.

"हे कुठं वाचलंत?"

"वाचलं न्हाय, मॅडम. आमचे आप्पा म्हणाले. त्यांचं गादीचं दुकान हाय."

"अर्ज आणलाय?"

मी पुढं जाऊन दिला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मॅडमनी कागद उलटा केला आणि कोरी बाजू वर घेतली.

"तुमचे वडील नक्की काय म्हणाले ते पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "त्यांच्याच शब्दांत. आणि सावकाश."

मी आप्पांसारखंच, आमच्या पेठेतल्या बोलीत, सांगत गेले आणि पुण्याच्या मॅडम ते एकेक अक्षर लिहून घेत राहिल्या.