मग रेकॉर्ड कसं ठेवता?

मुलगी शाळेत जात नाही, घरीच शिकते, असं सोलापुरात कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग रेकॉर्ड कसं ठेवता?" ती काय शिकते, तिला काय आवडतं, हे कुणी विचारत नाही. भाजीवाल्या मावशींपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना फक्त रेकॉर्ड पाहिजे! ते ठेवता ठेवता रेकॉर्ड किती झालं देव जाणे, किस्से मात्र ढिगानं साठलेत. आणि ते साठवायला कुठलं ॲप डाउनलोड करावं लागलं नाही.

आमचा ग्रुप तीन घरांचा. मी, घरी टॉवेलचे माग असलेली पद्मा आणि भुसार दुकानवाले शिवानंदअण्णा. रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. मुलं खेळतात आणि आम्ही मोठी माणसं ॲपवरून भांडतो.

माझी पूर्वा दहा वर्षांची. उत्तर द्यायला वेळ लावते म्हणून शाळेत तिला रोज उभं करायचे. होता होता तिनं बोलणंच सोडलं, घरीसुद्धा. मग मी तिला शाळेतून काढलं. माझा नवरा संजय एका अटीवर तयार झाला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी कुर्डुवाडीहून माझे सासरे, म्हणजे अप्पा, येऊन रेकॉर्ड बघतील. त्यांना पटलं तर घरी शिकणं चालू, नाहीतर पूर्वा परत त्याच शाळेत. अप्पांची सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेली. सहीशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही, आणि मला तेव्हापासून शांत झोप नाही.

*

पहिलं ॲप अण्णांनी शोधलं. ते खरं तर शाळांसाठी बनवलेलं. उघडल्या उघडल्या मुख्याध्यापकांचं नाव मागायला लागलं, मग वर्गशिक्षकांचं, मग स्कूलबसचा रूट. रूट भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. अण्णांनी "स्वयंपाकघर ते हॉल" असा भरला. मुख्याध्यापक स्वतः झाले आणि वर्गशिक्षिका म्हणून बायकोचं, म्हणजे गौरीवहिनींचं नाव टाकून मोकळे झाले. वहिनींना विचारायची पद्धत त्यांच्याकडे नाही.

दोन दिवसांनी वहिनी अक्कलकोटला माहेरी निघाल्या. एसटीत बसतायत तोच मोबाइलवर मेसेज आला, की आपण विनापरवानगी गैरहजर आहात, मुख्याध्यापकांना भेटा.

वहिनींनी तिथूनच अण्णांना फोन लावला. "मुख्याध्यापकांना म्हणावं, आठ दिवस भाकरी तुमीच थापा."

*

तेच ॲप मीही घेतलं होतं. सकाळी हजेरीचं बटण दाबायचं असतं. एके दिवशी कणीक मळताना राहिलं. झालं! होटगीला ड्युटीवर असलेल्या संजयला मेसेज गेला, "आपला पाल्य अद्याप शाळेत पोहोचलेला नाही. त्वरित संपर्क साधा."

बिचारा गाडी काढून भर उन्हात घरी आला. बघतो तर पूर्वा माझ्यासमोर शेंगा फोडत बसलेली. शंभर शेंगांत किती दाणे निघतील याचा अंदाज बांधणं चाललं होतं. आता माणसानं कुणावर चिडावं? ॲपवर ना? तो माझ्यावर चिडला. हजेरी का नाही लावलीस म्हणे!

मी म्हटलं, "अरे, समोर बसलीय ना पोरगी?"

"बसलीय गं," तो म्हणाला, "पण लागली नाही ना."

*

आमच्या सोसायटीत शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, ॲपबिप सोडा, टाचणवही घाला. टाचण म्हणजे पाठ घ्यायच्या आधी तो कसा घेणार ते लिहून काढायचं. उद्दिष्टं, साहित्य, प्रस्तावना, मूल्यमापन, सगळं रकान्यांत.

दुसऱ्याच दिवशी पूर्वानं हाक मारली. गॅलरीत मुंग्यांची रांग लागली होती आणि त्या मेलेलं झुरळ ओढून नेत होत्या. मी म्हटलं थांब, आधी टाचण होऊ दे. विषय, परिसर अभ्यास. साहित्य, मुंग्या. प्रस्तावनेला कुठले प्रश्न विचारावेत यातच माझा तास गेला. ती दारात उभी राहून वाट बघत होती. शाळेत उभी राहायची तशीच, हे आठवलं की अजून माझाच मला राग येतो.

टाचण झालं तोवर मुंग्या झुरळासकट निघून गेल्या होत्या. बाईंनी वही तपासली आणि लाल शाईनं शेरा मारला, "उत्तम पाठ."

*

मग पद्माला एक परदेशी ॲप सापडलं. दिसायला देखणं, भाषा मराठीही होती, म्हणजे मराठी म्हणावं अशी. पण एक दिवस रिकामा सोडला की ते लालेलाल व्हायचं. आता मे महिन्यात सोलापुरात पंखासुद्धा गरम हवा फेकतो, तिथं कोण अभ्यास करणार? सुट्टी लावायला गेले, तर म्हणे कारण निवडा. आजारपण, प्रवास, कुटुंबातील मृत्यू किंवा हिमवृष्टी. उन्हाचं नावच नाही! ज्यांनी हे बनवलं त्यांना एकदा दुपारी बारा वाजता आमच्या गच्चीवर अनवाणी उभं केलं पाहिजे.

मी आजारपण टाकायला निघाले. पद्मानं हात धरला. "चांगल्या पोरीला आजारी कशाला करता, अक्का? हवेमुळं सुट्टी, एवढंच सांगायचंय की. बर्फ टाका."

टाकला. अख्ख्या मे महिन्यावर पांढरी पांढरी फुलं उमटली. नंतर माझं मलाच कसंतरी वाटलं म्हणून बदलायला गेले, तर मागच्या महिन्याला कुलूप!

*

पद्माची गत आणखी वेगळी. तिचा मुलगा मागावर बसून शिकतो. ताण्याचे धागे मोजतो, नक्षीचा हिशोब करतो, रंगांचं प्रमाण काढतो, आजोबांकडून तेलुगूत गोष्टी ऐकतो आणि गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो. पण ॲपमध्ये 'माग' नावाचा विषय नाही. म्हणून ती बिचारी रोज 'इतर' या खान्यात नोंद करायची.

वर्षअखेर ॲपनं रंगीत चक्र काढून दिलं. सगळं चक्र एकाच रंगाचं. खाली सूचना होती, की आपल्या पाल्याचा सर्व वेळ 'इतर' बाबींत जात आहे, कृपया अभ्यासाकडे लक्ष द्यावे.

पद्मा कधी चिडत नाही. त्या दिवशी तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "आमच्या सात पिढ्या म्हणजे 'इतर' काय?"

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात अप्पा आले. मी सगळा रिपोर्ट छापून आणला होता. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवत पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पूर्वा नेहमीसारखी माझ्या मागे उभी. अप्पांशी ती मान हलवण्यापलीकडे कधी बोललेलीच नव्हती. बोट सरकत सरकत मे महिन्यावर आलं आणि तिथंच थांबलं.

"हिमवृष्टीमुळे सुट्टी," अप्पांनी मोठ्यानं वाचलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बर्फ पडला व्हय गं सोलापुरात?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "नाही, अप्पा."

"पर हितं लिवलंय की."

"ते चुकीचं लिहिलंय."

"छापलेलं कसं चुकंल?"

पूर्वा पुढे आली. हवा किती थंड झाली की बर्फ पडतो, डोंगरावर ती थंड का असते, आपल्याकडचे ढग कुठून येतात, सगळं सांगायला लागली. मधेच अडखळायची, थांबायची. अप्पा थांबायचे. ती परत सुरू व्हायची. अप्पा म्हणाले, मला न्हाय पटलं. मग तिनं फ्रीजमधला बर्फ काढला. एक खडा गच्चीवर उन्हात ठेवला, एक पद्माच्या टॉवेलात गुंडाळला आणि अप्पांना घड्याळ धरून बसवलं. कुठला आधी वितळेल ते सांगा म्हणाली. अप्पा मुद्दाम चुकीचं सांगत होते की खरंच चुकत होते, मला कळेना. ती त्यांच्यावर चक्क ओरडली. चहा गार झाला, मी दुसरा केला, तोही गार झाला.

संजयचा होटगीहून फोन आला. काय ठरलं, त्यानं विचारलं.

अप्पांनी खिशातलं पेन काढलं. मे महिन्याच्या त्या पानावर वर्कशॉपमध्ये लिहायचे तसं "तपासले" लिहिलं, खाली सही केली आणि माझ्या हातातला फोन घेऊन कानाला लावला.

"हितं लई बर्फ पडतोय बाबा. औंदा पोरीची शाळा बंदच ऱ्हाऊ दे."