घाटावरची म्हैस

मैना धनावडे कोकणातल्या पावस गावाच्या वरच्या अंगाला, कातळाच्या उघड्या सड्यालगतच्या वाडीत राहायची. नवरा मुंबईत गिरणीत असतानाच वारला होता. एका मुलीला घेऊन ती दुसऱ्यांच्या कलमांच्या बागांत राबायची. चौऱ्याऐंशी साली ग्रामसेवकाने तिचं नाव सरकारी योजनेत घातलं आणि तिला दुभती म्हैस मिळाली, घाटावरच्या बाजारातून. दावं हातात देताना विकणारा म्हातारा म्हणाला, "सुनेनं लेकरागत वाढवली हुती. सून गेली गेल्या महिन्यात. आता हिच्याकडं बघवत न्हाई."

वाडीत आल्यावर म्हैस पान्हाच सोडीना. पेंड घातली, पारडू लावलं, काही उपयोग नाही. दुपार कलली की ती कान टवकारून रिकाम्या सड्याकडे बघत राही.

एका दुपारी शेजारची सखू विळा मागायला आली. गोठ्यात चरवीत धार वाजत होती आणि मैना लाडाने बोलत होती, "किती वाट बघितलीस गं, माज्या लेकरा?" आवाज मैनेचा नव्हता. बोलीही घाटावरची.

"मैने, कोनाशी बोलतेस गो?"

मैना वळली. "मी कुठं बोलले? मी गपच हाय."

त्या दिवसापासून दूध मिळू लागलं. पावसच्या हॉटेलात रतीब लागला, घरावर कौलं चढली. योजनेचं यश बघायला मोठे साहेब आले. वाडी गोळा झाली. धार काढणाऱ्या मैनेला त्यांनी विचारलं, "बाई, सरकारकडून आणखी काय हवं?"

"माझी म्हस मला माघारी द्या," मान वर न करता ती त्याच घाटावरच्या आवाजात म्हणाली.

साहेब हसले. "अहो, तुमचीच आहे की!"

वाडीतलं कोणी हसलं नाही.

आपण काय बोललो ते मैनेला सखूकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तिने दुधाने भरलेली चरवी सड्याच्या कडेला नेऊन ठेवली. "बये, म्हस तुझीच. माज्या पोटापुरतं दे. पन माज्या तोंडानं बोलू नको."

तो आवाज पुन्हा कोणी ऐकला नाही. दुधावर मैनेने मुलीचं लग्न केलं. वाडीत मात्र योजनेची म्हैस दुसऱ्या कोणी घेतली नाही.

"तुला भ्या नाय वाटत?" सखूने एकदा विचारलं.

"पयलं वाटायचं," मैना म्हणाली. "आता धार काडताना कोनतरी पाठीवर हात ठेवतं. ऊन असतो हात."