कॉफी कुणी केली

शाळेत आम्ही मास्तर लोक पोरांना नापास करायचो. बसराकाका पाण्याला नापास करायचे. डोंगरात झरा दिसला की आम्ही पाठीवरची ओझी उतरवून धापा टाकत बसत असू. काका मात्र खाली वाकून ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, डोळे मिटून घोळवायचे आणि थुंकून टाकायचे. "नही, मास्तर. हाई पाय धुवानं पानी शे. कॉफीनं नही." मग त्यांच्या पसंतीचं पाणी सापडेपर्यंत आणखी कोसभर चालायचं. एकदा ब्राह्मणपुरीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी तीन झरे नापास केले. मी चिडलो होतो. चौथ्या झऱ्याच्या पाण्याची कॉफी प्यायल्यावर माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही.

बसराकाका नंदुरबारच्या आमच्या शाळेत शिपाई होते. गाव नवापूरकडच्या डोंगरातलं, घर ख्रिस्ती, वय पन्नाशीच्या आतबाहेर. पहिल्या महायुद्धाच्या लढाईत ते मजुरांच्या तुकडीबरोबर इराकात बसऱ्याला गेले होते आणि तिथल्या धक्क्याजवळ एका अरबाच्या दुकानात कॉफी शिकून आले होते. येताना त्यांनी लांब दांड्याचं एक पितळी भांडं आणलं आणि हे नावही आणलं. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात असायचं. ते कुणी वाचत नसे.

दुसरी लढाई सुरू होण्याआधीच्या तीन-चार वर्षांतली ही गोष्ट. मी तिशीच्या आतला, इंग्रजी शिकवणारा आणि अजून कायम न झालेला मास्तर होतो. आमच्या ड्रॉइंग मास्तरांना पायी भटकण्याचं वेड होतं. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं घोंगडी, शिधा आणि चित्रांच्या वह्या पाठीला बांधून सातपुड्यात शिरायचो. वाट माहीत असलेला माणूस हवा म्हणून पहिल्या वर्षी बसराकाकांना बरोबर घेतलं. त्यानंतर त्यांच्या कॉफीसाठी आम्ही डोंगरात जायचो, असं म्हटलं तरी चालेल.

ही कॉफी करायची एक शिस्त होती. सुरतेहून आलेले कच्चे दाणे काका घरीच लोखंडी तव्यावर भाजून फडक्यात बांधून आणायचे. पण कुटायचे मात्र जिथं प्यायची तिथंच, दोन दगडांमध्ये. मी एकदा म्हटलं, "काका, घरूनच कुटून आणली तर ओझं तेवढंच आणि खटपट कमी." ते हसले. "कुटेल कॉफीना वास घरमाच ऱ्हाई जास, मास्तर. आपण काय नुसता भुसा लई येवाना?" तीन दगडांच्या चुलीत सागाची काटकी त्यांना चालत नसे, धूर लागतो म्हणून. भांड्यात फेस चढू लागला की उचलायचं, खाली बसला की परत ठेवायचं, असं तीनदा. "फेस वर उना का उतारी लेवानी. उकयनी का मरनी." उकळली की मेली. शेवटी गार पाण्याचा एक हबका, म्हणजे गाळ तळाशी बसतो. दूध नाही, गुळाचा एवढासा खडा.

पेले दोनच होते आणि प्यायचे तिघं. पहिल्या दिवशी काकांनी आम्हा दोघांना दिली आणि स्वतः पानाचा द्रोण करायला लागले. ड्रॉइंग मास्तरांनी आपला रिकामा पेला त्यांच्यापुढं धरला. पुढं तोरणमाळच्या तळ्याकाठी, थंडीनं दात वाजत असताना, काकांनी अर्धा प्यायलेला पेला मी त्यांच्या हातातून घेतला आणि संपवला. त्या वेळी त्याचं मला काही वाटलं नाही. आमच्या घरी सोवळं कडक होतं. पण घर खाली मैदानात राहिलं होतं, आणि इथं वर मी त्यांना काका म्हणत होतो. शाळेत परतलो की मी "अरे बसरा, खडू आण" म्हणायचो. या दोन हाकांमध्ये काही विसंगत आहे, हे माझ्या ध्यानातही येत नसे. काकांच्या येत असणार.

तिसऱ्या वर्षी परत आलो त्याच आठवड्यात शाळेचे सेक्रेटरी तात्यासाहेब शिक्षकांच्या खोलीत आले. मला कायम करायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं. हेडमास्तर सहज म्हणाले, "हे दोघं बसराला घेऊन डोंगरात जातात, कॉफी पिऊन येतात म्हणे, अशी कॉफी मुंबईतही मिळत नाही."

तात्यासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "असं? कॉफी कोण करतं?"

प्रश्न साधा होता. बसराकाका दारातच उभे होते, घंटेचा लाकडी हातोडा हातात घेऊन.

"मीच करतो," मी म्हणालो.

"मग हा बरोबर कशाला असतो?"

"ओझं वाहायला. लाकडं गोळा करतो. भांड्याला हात लावत नाही."

ड्रॉइंग मास्तरांनी मान खाली घातली. काका माझ्याकडं बघत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. मग ते बाहेर गेले आणि त्यांनी घंटा दिली.

"तर मग रविवारी आमच्याकडं करा," तात्यासाहेब उठता उठता म्हणाले. "आम्हालाही कळू दे."

खरं सांगायला पुढं चार दिवस होते. मी एकदाही तोंड उघडलं नाही. उलट शनिवारी शाळा सुटल्यावर काकांना गाठलं आणि दाणे मागितले. त्यांनी भाजलेल्या दाण्यांची पुरचुंडी काढून दिली. भांडं मी मागितलं नाही. त्यांचं भांडं त्या घरात चाललं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

रविवारी दुपारी तात्यासाहेबांच्या अंगणात चूल मांडली होती. बाजेवर चार प्रतिष्ठित मंडळी बसली होती. हेडमास्तरांनी सतरंज्या आणायला काकांना पाठवलं होतं. सतरंज्या ठेवून ते फाटकाशी उभे राहिले. मी तीन वर्षं ती कॉफी प्यायलो होतो, केली एकदाही नव्हती. पितळी लोटीत पाणी ठेवलं, दाणे कुटून पूड टाकली आणि घाम पुसत मंडळींच्या प्रश्नांना उत्तरं देत बसलो. तेवढ्यात फाटकाशी काका खाकरले. मी वळून पाहिलं. लोटीत फेस काठाला आला होता. मी झटकन उतरवली. परत ठेवली. परत ते खाकरले. तिसऱ्यांदाही. मग मी पेल्यात ओतायला लागलो, तर काका मोठ्यानं म्हणाले, "तात्यासाहेब, गड्याले थंडं पानी आनाले सांगू का?"

मला हबका आठवला. गार पाणी आलं, गाळ बसला, कॉफी उत्तम झाली. मंडळींनी वाहवा केली. माझ्या खोट्याला काकांनीच असा टेकू दिला, आणि मी तो घेतला. त्यांच्याकडं नुसतं बघायचंही मला धाडस झालं नाही.

जूनमध्ये मी कायम झालो. त्याच सुमाराला तात्यासाहेबांचा निरोप आला की शिक्षकांच्या खोलीतलं पिण्याचं पाणी शिपायानं भरू नये, दुसरा माणूस ठेवावा. आमचे हेडमास्तर उदार होते. त्यांनी इतकी वर्षं बसराकाकांना ते भरू दिलं होतं. आता "भांड्याला हात लावत नाही" हे माझंच वाक्य नियम झालं होतं. काकांना मैदान झाडायचं काम दिलं. मी हेडमास्तरांकडं गेलो नाही.

नाताळ जवळ आल्यावर मी त्यांना विचारलं, "काका, यंदा कधी निघायचं?" शाळेच्या आवारात मी पहिल्यांदाच काका म्हणालो होतो. झाडू थांबवून ते म्हणाले, "आते तुम्हीच करा, मास्तर. तुमले येस ना." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. महिन्याभरात ते नोकरी सोडून गावी गेले. मी आणि ड्रॉइंग मास्तर पुन्हा डोंगरात गेलो नाही. ड्रॉइंग मास्तरांनी मला कधी कारण विचारलं नाही, आणि माझ्याशी पूर्वीसारखं बोललेही नाहीत.

दोन वर्षांनी मी एकदा नवापूरच्या गाडीत बसलो. स्टेशनापासून दोन तास चाललो तेव्हा त्यांचं घर आलं. काका कुडाला शेण-माती लिंपत होते. मला पाहून हात धुतले, खाट टाकली. येताना वाटेत जे जे घोकलं होतं त्यातलं निम्मंच बोललो. "काका, त्या दिवशी मी खोटं बोललो. मला कायम व्हायचं होतं. भीती वाटली."

त्यांनी नखांत राहिलेली माती काडीनं काढली. "तुमनी नोकरी व्हती, मास्तर," ते म्हणाले. "मन्ही बी व्हती."

शेजारपाजारचे चार-सहा लोक जमले होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. हा कोण, असंच असावं. काकांनी त्याच्या बोलीत उत्तर दिलं नाही. मला समजावं म्हणून असेल, ते खानदेशीत म्हणाले, "हाऊ मन्हा दोस्त शे. आम्ही संगे डोंगर फिरेल शेतस." त्यांनी मला भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. संध्याकाळच्या आत गाडीवर पोचवायला ते स्टेशनापर्यंत आले. कॉफीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

लढाई संपली त्या वर्षी त्यांच्या गावच्या चर्चच्या पाळकांचं कार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. बसराकाका तापानं गेले होते, आणि ‘दोस्त मास्तरांना कळवा’ असं सांगून गेले होते. त्यांचं खरं नाव मी त्या कार्डावर पहिल्यांदा नीट वाचलं. शिक्षकांच्या खोलीत सगळे बसले होते. माझा चेहरा पाहून शेजारच्या नव्या मास्तरांनी विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

कार्ड खिशात ठेवत मी म्हणालो, "आपल्याकडं शिपाई होता एक, पूर्वी." आणि तासाला गेलो.