नमद्याच्या हातोड्या

बाबा पेटी दुरुस्त करणारे. लोहाऱ्याच्या आमच्या घरी भजनमंडळांच्या, भीमगीतांच्या पार्ट्यांच्या पेट्या यायच्या. पियानो मात्र बाबांकडे दुरुस्तीला एकच होता, यवतमाळातल्या एका जुन्या शाळेतला. त्याच्या तारा जुळवणं, तारांवर आपटणाऱ्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, हातोड्यांना सुया टोचून आवाज मऊ करणं, सगळं ते कानानंच करत.

पुण्यात हेच काम शिकून मी परतले आणि लॅपटॉप, माइक घेऊन त्यांच्यासोबत शाळेत गेले. वरच्या पट्ट्या वाजवल्या तर काचेवर खिळा ओढल्यासारखं वाटलं.

"बाबा, हे लय कर्कश झालं."

"कुठं? मले तं गोड लागून राह्यलं."

तोंडी वाद नको म्हणून मी एकेक पट्टी मोजली. पडद्यावर मूळ सुराच्या डोक्यावरच्या बारीक सुरांच्या रेघा नको तेवढ्या उंच गेल्या होत्या. मी त्यातल्या एकीवर बोट ठेवलं आणि तेवढाच सूर लॅपटॉपवर वाजवला.

"हा ऐकू येतो?"

त्यांनी कान जवळ आणला. "वाजव ना."

तो वाजतच होता.

संगीताच्या बाई दारात उभ्या होत्या. बाबांनी त्यांना विचारलं, "बाई, हे कधीपासून असं आहे?"

बाईंनी पदर सारखा केला. "झाली चारेक वर्षं. तुम्ही एवढ्या मायेनं करता, कसं सांगू? मुलींना मी वरच्या पट्ट्यांचं काही वाजवायला देतच नाही."

बाबांनी सुया बसवलेली लाकडी मूठ माझ्या हातात दिली. मी टोचत गेले, मोजत गेले. रेघा हळूहळू खाली आल्या, सूर गोल झाला. दर पट्टीनंतर बाबा पडद्याकडे बघून विचारत, "झालं?"

त्या आठवड्यात त्यांनी घरातल्या पेट्या ज्याच्या त्याला परत केल्या. पेटीला इतके बारीक सूर लागत नाहीत, हे मी परोपरीनं सांगितलं. कान तपासायलाही ते आले नाहीत. भीमजयंतीला पार्टीवाले बोलवायला आले, तर आतूनच म्हणाले, "आता नाही जमत."

एखाद्या दुपारी एकटीनं जाऊन, न बोलता ते काम करता आलं असतं. हे मला फार उशिरा सुचलं.

"तू काय म्हटलं बाबायले?" आई विचारते.

"काही नाही," मी म्हणते.